लग्नाविना एकत्र राहणारी जोडपी आणि बँकेच्या जप्तीत सापडलेले भाडेकरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन विषय एकाच पानावर का, असं पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटेल. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत मात्र दोन्हींकडचं दुखणं एकच दिसतं. माणूस घरात राहतो, भाडं किंवा हप्ता भरतो, संसार मांडतो; पण ज्या कागदावर त्याचं नाव हवं, तिथे ते नसतं. भांडण झालं, जोडीदार गेला किंवा बँकेचा माणूस दारात आला, की पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून आहेत. गोव्यात वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. तुमच्या कागदपत्रांतली एखादी ओळसुद्धा उत्तर बदलू शकते, म्हणून मुदत चालू असेल तर हे वाचून थांबू नका, वकिलाला भेटा. वकिलाचे पैसे नसतील तर शेवटचा प्रश्न आधी वाचा.

## एकत्र राहणारी जोडपी

1. लग्न न करता एकत्र राहणं गुन्हा आहे का?

नाही. दोघांचंही वय 18 पूर्ण असेल आणि दोघंही आपल्या मर्जीने राहत असतील, तर त्यात कुठलाही गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये एस. खुशबू खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. 2018 च्या नंदकुमार खटल्यात तर मुलाचं वय लग्नासाठी लागणाऱ्या 21 पेक्षा कमी होतं, तरीही दोघं सज्ञान आहेत म्हणून त्यांना एकत्र राहता येईल, असं न्यायालय म्हणालं.

घरच्यांनी ‘पळवून नेली’ अशी तक्रार दिली, तर सज्ञान मुलीचा स्वतःचा जबाब निर्णायक असतो. जन्मतारखेचा पुरावा जवळ ठेवा. धमक्या येत असतील तर 112 वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

नोकरीनिमित्त डेहराडूनला किंवा हरिद्वारला राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून समान नागरी संहिता लागू आहे आणि तिथे अशा सहजीवनाची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात किंवा गोव्यात अशी सक्ती नाही.

2. घरमालक आणि सोसायटी ‘मॅरेज सर्टिफिकेट दाखवा’ म्हणतात. त्यांना तो अधिकार आहे का?

मालक आणि सोसायटी, दोघांचं उत्तर वेगळं आहे.

खासगी मालकाने आपलं घर कुणाला द्यायचं हे ठरवताना लग्नाची अट घालू नये, असा कायदा आज महाराष्ट्रात नाही. तो नकार देऊ शकतो. हे अन्यायाचं आहे असं आमचं मत आहे, पण तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. एकदा करार झाला की मात्र चित्र बदलतं. करारात तसं काही लिहिलेलं नसताना ‘तुमचं लग्न झालेलं नाही’ एवढ्या कारणावर मुदतीच्या मधेच घराबाहेर काढता येत नाही.

सोसायटीची गोष्ट निराळी. सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, हे ठीक. भाडेकरूंचा विवाहाचा दाखला मागणं हे सोसायटीच्या कामात बसत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ही मालकाची जबाबदारी, आणि त्यात ओळखपत्र व फोटो लागतो. सोसायटी लिफ्ट किंवा पाणी अडवू लागली, तर मालकाला सभासद या नात्याने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायला सांगा.

एक कळकळीची विनंती. घर मिळावं म्हणून करारात ‘पती-पत्नी’ असं खोटं लिहू नका. ती ओळ पुढे मालकाच्या हातात तुमच्याविरुद्धचं हत्यार होते.

3. करारात दोघांची नावं घालावीत, की एकाचं पुरेसं आहे?

दोघांची घाला. या पानावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

कराराची नोंदणी आता बहुतेक जण घरबसल्या करतात. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, आधारशी ठसा जुळवतो, फोटो काढतो. त्या वेळी ‘ताईंचं नाव कशाला, उगाच वेळ जाईल’ असं तो म्हणतो आणि आपण मान डोलावतो. कराराच्या शेवटच्या पानावर ज्याचा फोटो आणि ठसा नाही, त्याची अवस्था कायद्याच्या नजरेत जोडीदाराच्या पाहुण्यासारखी राहते. जोडीदार सोडून गेला, आजारी पडला किंवा वारला, तर मालक त्या माणसाशी बोलायलाही बांधील नसतो.

दोन नावांना मुद्रांक शुल्क वाढत नाही. एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर 10 टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, असा हिशेब आहे. महिना 20,000 भाडं, एक लाख डिपॉझिट आणि 11 महिन्यांचा करार असेल, तर शुल्क सहाशे रुपयांच्या आत बसतं. नोंदणी फी वेगळी.

डिपॉझिट कुणी किती दिलं, तेही करारात लिहा आणि आपापल्या खात्यातून ट्रान्सफर करा. वेगळं होताना सर्वांत जास्त भांडणं याच रकमेवरून होतात.

4. करार फक्त त्याच्या नावावर आहे. आता तो म्हणतो, ‘आजच्या आज निघ.’ मला निघावंच लागेल का?

लगेच निघावं लागेल असं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, 2005 हा केवळ पत्नीसाठी नाही. ‘विवाहसदृश’ नात्यात एकत्र राहिलेली स्त्रीही त्यात येते. कलम 17 प्रमाणे तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, मग ते घर त्याच्या मालकीचं असो की त्याने भाड्याने घेतलेलं. मारहाण, शिवीगाळ, पैसे तोडणं, घराबाहेर हाकलणं हे सगळं या कायद्याने हिंसाचारात धरलं आहे. दंडाधिकाऱ्यांकडे कलम 12 खाली अर्ज करायचा. ते त्याला तुम्हाला बाहेर काढण्यापासून रोखू शकतात, किंवा दुसरीकडे तशाच दर्जाची जागा घेऊन देण्याचा अथवा तिचं भाडं भरण्याचा हुकूम करू शकतात. अर्ज भरायला जिल्ह्यातले संरक्षण अधिकारी मदत करतात. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

नातं ‘विवाहसदृश’ होतं हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या वेलुसामी खटल्यात त्याच्या कसोट्या दिल्या: दोघं समाजात जोडपं म्हणून वावरत होती, दोघंही लग्नाच्या वयाची आणि लग्नाला कायद्याने मोकळी होती, आणि बराच काळ एकत्र राहिली. शनिवार-रविवारच्या भेटी यात धरल्या जात नाहीत. एकाच पत्त्यावरचं आधार, एकत्र बँक खातं, गॅस कनेक्शन, दवाखान्याच्या कागदावर ‘नातेवाईक’ म्हणून लिहिलेलं नाव, शेजाऱ्यांची साक्ष, घरखर्चाचे व्यवहार हे सगळं पुरावा म्हणून उपयोगी पडतं. घर सोडायची वेळ आलीच, तर आधी या सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

पुरुष जोडीदाराला हा कायदा मिळत नाही. त्याचं संरक्षण म्हणजे करारावरचं नाव, म्हणून प्रश्न 3 पुन्हा वाचा.

5. तो आधीच विवाहित आहे. मग?

तुम्हाला हे माहीत होतं की नव्हतं, यावर पुढचं अवलंबून आहे.

माहीत असताना राहिलात, तर 2013 च्या इंद्रा सर्मा निकालाप्रमाणे ते नातं ‘विवाहसदृश’ ठरत नाही आणि प्रश्न 4 मधलं संरक्षण बहुधा मिळत नाही. व्यभिचार 2018 पासून गुन्हा राहिलेला नाही, पण म्हणून हक्क तयार होत नाहीत.

त्याने पहिलं लग्न लपवून तुमच्याशी लग्न केलं असेल, तर न्यायालयं तुमच्या बाजूने झुकतात. महाराष्ट्रातल्याच बादशहा खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, पहिलं लग्न लपवणाऱ्या पुरुषाला स्वतःच्याच फसवणुकीचा फायदा घेऊन पोटगी टाळता येणार नाही. ही पोटगी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली मागत. 1 जुलै 2024 पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे.

6. किती वर्षं एकत्र राहिलं की लग्न मानलं जातं?

ठरावीक आकडा नाही. ‘पाच वर्षांनी आपोआप लग्न होतं’ ही निव्वळ अफवा. खूप वर्षं पती-पत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलं होतं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. 2022 मध्ये केरळमधल्या एका मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसं धरलं. पण हे गृहीतक पुराव्याने खोडता येतं. आपण लग्न केलेलं नाही असं दोघंच सांगत आले असतील, तर त्यावर विसंबू नका.

7. आमच्या मुलांचे हक्क काय?

मुलांची बाजू पालकांपेक्षा भक्कम आहे. पोटगी मिळतेच. वारशाबाबत, पालकांचं लग्न कायद्याने रद्दबातल असलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 प्रमाणे मुलं औरस धरली जातात. 1 सप्टेंबर 2023 च्या रेवणसिद्दप्पा निकालाप्रमाणे पालकांच्या वाट्याला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून जे आलं असतं, त्यातही या मुलांना हिस्सा आहे. लग्नाचा विधीच झालेला नसेल, तर प्रश्न 6 मधलं गृहीतक सिद्ध करावं लागतं. म्हणून मुलांसाठीही मृत्युपत्र करा. जन्मदाखल्यावर दोघांची नावं सुरुवातीलाच घाला, नंतरची दुरुस्ती फार दमवते.

8. फ्लॅट तिच्या नावावर आहे, पण हप्ते मी भरतोय. माझा हिस्सा किती?

कागदावर शून्य, आणि इथे अनेकांना माहीत नसलेला एक धोका आहे. बेनामी व्यवहार कायद्यात पती-पत्नीच्या नावावर आपल्या ज्ञात उत्पन्नातून मालमत्ता घेण्याला सूट आहे. ती सूट लग्नाविना राहणाऱ्या जोडीदाराला नाही. ‘पैसे माझे, नाव तिचं, पण घर खरं तर माझंच’ असा दावा कोर्टात करणं म्हणजे व्यवहार बेनामी होता हे स्वतःच सांगणं, आणि बेनामी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते.

मार्ग दोन. घेतानाच दोघांच्या नावाने घ्या, खरेदीखतात हिस्सा लिहा आणि आपापला पैसा आपापल्या खात्यातून जाऊ द्या. नाव एकाचंच ठेवायचं असेल, तर दुसऱ्याने दिलेली रक्कम कर्ज आहे असा लेखी करार करा. ‘भेट’ म्हणून दिली आणि वर्षाला ती 50,000 रुपयांच्या वर गेली, तर पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, कारण आयकर कायदा जोडीदाराला ‘नातेवाईक’ मानत नाही. नंतर बक्षीसपत्राने घर नावावर करून देणंही महाग पडतं. महाराष्ट्रात 200 रुपयांत होणारं बक्षीसपत्र पती, पत्नी, मुलं, नातवंडं अशा मोजक्या नात्यांसाठी आहे.

9. जोडीदार गेला तर घर माझं होईल का? सोसायटीत मी नॉमिनी आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालकी कायदेशीर वारसांकडे जाते. हिंदू वारसा कायद्याच्या वारसयादीत लग्नाविना राहिलेला जोडीदार नाही. वीस वर्षं ज्याने औषधपाणी केलं तो रस्त्यावर, आणि कधी न फिरकलेला पुतण्या मालक, असं खरोखर होतं.

त्यावर उपाय मृत्युपत्र. महाराष्ट्रात त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेत आणि ते लाभार्थी नसावेत. नोंदणी केलीत तर उत्तमच. मुस्लीम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. गोव्यात मुलं, आईवडील अशा सक्तीच्या वारसांसाठी अर्धा हिस्सा राखीव असतो, त्यामुळे तिथे फक्त उरलेल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र होतं.

पागडीच्या घरात भाडेकरू वारला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे त्याच्यासोबत राहणाऱ्या ‘कुटुंबातील’ व्यक्तीकडे भाडेहक्क जातो. जोडीदार त्या शब्दात बसतो की नाही, हे कोर्टात भांडून ठरवावं लागेल. मालकाशी बोलून जिवंतपणीच पावतीवर नाव चढवता आलं, तर चढवून घ्या.

10. आम्ही समलिंगी जोडपं आहोत. वरचं सगळं आम्हाला लागू आहे का?

एकत्र राहण्याचं स्वातंत्र्य पूर्ण आहे. 2018 मध्ये सज्ञानांमधल्या समलिंगी संबंधांना लावला जाणारा कलम 377 खालचा गुन्हा गेला. लग्नाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात मान्य केला नाही, त्यामुळे ‘विवाहसदृश’ नात्यावर उभे असलेले दावे तुमच्यासाठी डळमळीत आहेत. म्हणून प्रश्न 3, 8 आणि 9 मधले कागद तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की, संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्यात जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही मनाई नाही. शाखेतल्या कर्मचाऱ्याला ते माहीत नसेल, तर त्या सूचनेची प्रत दाखवा.

## जप्तीच्या घरातले भाडेकरू

11. दारावर बँकेची नोटीस चिकटवली आहे. कर्ज माझं नाही. मला आता किती दिवस आहेत?

घाबरून सामान बांधू नका, आणि कागद फाडूही नका. आधी त्याचा तारखेसह फोटो काढा आणि तो नीट वाचा.

बँका, गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँकाही सरफेसी कायदा, 2002 (थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा कायदा) याखाली ही कारवाई करतात. (सहकारी बँकांबाबतचा वाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बँकेच्या खटल्यातच 2020 मध्ये मिटला.) क्रम असा. हप्ते 90 दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. मग कलम 13(2) ची मागणी नोटीस, कर्जदाराला 60 दिवस. ती मालकाच्या हाती जाते, भाडेकरूला बहुतेकदा पत्ताच नसतो. पैसे आले नाहीत की कलम 13(4) ची ‘ताबा नोटीस’ दारावर लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ‘सर्वसाधारण जनतेस इशारा देण्यात येतो की, सदर मालमत्तेसंबंधी कोणताही व्यवहार करू नये’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तुमच्या दारावरचा कागद हाच.

या टप्प्यावर ताबा प्रतीकात्मक असतो, म्हणजे कागदावर. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम 14 खाली जिल्हादंडाधिकारी किंवा मुख्य दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणते. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तुमचा खरा वेळ तोच, पण दाद मागायची मुदत ताबा नोटिशीपासूनच धरून चाला (प्रश्न 16).

12. नोटीस बँकेची नाही, पतसंस्थेची आहे. तेच नियम?

नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला काढते आणि तिचे वसुली अधिकारी जप्ती करतात. तिथे दाद सहकार खात्याकडे किंवा कोर्टात मागायची. खासगी सावकाराला तर कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणालाही घराबाहेर काढता येत नाही.

13. मी भाडेकरू आहे. बँक मला बाहेर काढू शकते का?

तुम्ही स्वतःला भाडेकरू म्हणता, पण तुमच्या कराराच्या पहिल्या पानावर काय लिहिलं आहे? ‘लीव्ह अँड लायसन्स’ असेल (महाराष्ट्रातल्या शहरांत आज बहुतेक करार असेच असतात), तर कायद्याने तुम्ही परवानगीधारक आहात. परवानगीने घरात हक्क निर्माण होत नाही. मालकी दुसऱ्याकडे गेली की सुविधाधिकार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. मात्र कलम 63 खाली घर सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मागता येतो. बँकेला लेखी पत्र देऊन करार संपेपर्यंतची मुदत मागा. लिलाव व्हायला वेळ असेल, तर बँका अनेकदा ऐकतात.

खऱ्या भाडेकरूची बाजू जास्त भक्कम आहे. मुंबईतल्या भाडेकरूंच्या खटल्यांतून यावरचा कायदा घडला. 2014 च्या सोंडगर निकालाने सांगितलं की, गहाण ठेवण्याआधी झालेला वैध भाडेपट्टा बँकेला झुगारता येत नाही. जानेवारी 2016 च्या विशाल कलसारिया निकालाने भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीचा बडगा दाखवून हुसकता येणार नाही, असं ठरवलं. पण 2019 च्या बजरंग अग्रवाल निकालाने याला मर्यादा घातल्या, आणि बँकेचे वकील आज त्याच निकालावर भर देतात. तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या कराराचा भाडेकरू जास्तीत जास्त एका वर्षाचा हक्क सांगू शकतो. भाडेपट्टा संपल्यावर नुसता बसून राहिलेल्याला भाडे नियंत्रणाचं कवच नाही.

सरफेसीच्या कलम 17(4अ) प्रमाणे कर्ज वसुली न्यायाधिकरण (प्रश्न 16) चार गोष्टी तपासतं: भाडेपट्टा संपला आहे का, तो मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 65अ च्या (प्रश्न 15) विरुद्ध आहे का, गहाणखताच्या अटींच्या विरुद्ध आहे का, आणि मागणी नोटिशीनंतर केलेला आहे का. यातलं एकही ‘हो’ निघालं, तर बाजू पडते. गहाणखतात ‘बँकेच्या परवानगीशिवाय भाड्याने देऊ नये’ ही अट बहुतेक वेळा असते.

म्हणून जुन्या भाडेकरूंनी जुने कागद जपावेत. गहाणाच्या तारखेच्या आधीची भाडेपावती, वीजबिल, मतदार यादीतलं नाव, महापालिकेच्या करपत्रकातली नोंद हे सगळं लागतं. कालपरवा तयार केलेला करार कोर्टात लगेच उघडा पडतो.

14. करार 11 महिन्यांचाच आहे, म्हणून रजिस्टर केला नव्हता. आता?

11 महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, पण हा फायदा मालकाविरुद्ध आहे. बँकेपुढे नोंदणी नसलेला कागद लंगडाच (प्रश्न 13).

15. मी हेवी डिपॉझिटवर राहतो. दहा लाख दिलेत, भाडं शून्य. माझे पैसे बुडाले का?

सर्वांत जास्त जीव तुटतो तो या प्रश्नाला उत्तर देताना. मुंबई-ठाण्यात गावची जमीन विकून किंवा निवृत्तीचे पैसे घालून असं डिपॉझिट दिलेली कुटुंबं आहेत. मालकाला एकरकमी पैसा हवा असतो, आणि ज्याला तो हवा असतो त्याचे हप्ते बऱ्याचदा आधीच थकलेले असतात.

कायद्यात ही रक्कम म्हणजे तुम्ही मालकाला दिलेलं विनातारण कर्ज. घरावर पहिला हक्क बँकेचा. शिवाय कलम 65अ प्रमाणे गहाण घर भाड्याने देताना मालकाने वाजवी भाडं घ्यायला हवं, आगाऊ भाडं किंवा पागडी घेऊ नये आणि इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांपेक्षा जास्त नसावा. शून्य भाड्याचा करार या कसोटीला उतरत नाही, म्हणून बँकेपुढे ताबा टिकवणं अवघड.

पैशांसाठी मात्र पुढचं सगळं लगेच करा. मालकाला वकिलामार्फत परतफेडीची नोटीस पाठवा. तो वैयक्तिकरीत्या जबाबदार आहे, आणि चूक नसताना मुदतीआधी बाहेर निघावं लागलं तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम 64 खाली भरपाईही मागता येते. डिपॉझिट मागणी नोटिशीनंतर घेतलं असेल, तर सरफेसीच्या कलम 13(13) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देण्याची त्याला मनाईच होती. गहाण आणि नोटीस लपवून पैसे घेतले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार द्या. लिलावात बँकेची बाकी फिटून वर रक्कम उरली, तर ती मालकाकडे जाण्याआधी अडवता येते. दिवाणी दावा लावून त्या शिल्लक रकमेवर जप्तीचा अंतरिम आदेश मागा आणि बँकेला तसं लेखी कळवा. दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

डिपॉझिट रोखीने दिलं असेल, तर मालकाकडून व्हॉट्सॲपवर का होईना, रक्कम मिळाल्याची कबुली आजच घ्या. नोटीस लागल्यावर फोन बंद करणारे मालक असतात.

16. दाद कुठे मागायची? सिव्हिल कोर्टात स्टे मिळेल का?

सरफेसीच्या कारवाईविरुद्ध दिवाणी कोर्टाला कलम 34 ची मनाई आहे. कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम 17 खाली 45 दिवसांत अर्ज करायचा. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. अर्ज दाखल झाल्याने कारवाई आपोआप थांबत नाही. अंतरिम स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मिळाल्याची प्रत हातात हवी.

17. भाडं आता कुणाला द्यायचं?

बँकेचं लेखी पत्र येईपर्यंत मालकाला, आणि फक्त खात्यावर. बँकेने लेखी मागणी केली, तर मालकाला कळवून बँकेला भरा आणि पावती घ्या. ‘डिपॉझिटमधून भाडं वळतं करून घ्या’ असं मालक म्हणाला, तर ते लेखी घ्या. मालकाची संमती न घेता भाडं थांबवलंत, तर कराराचा भंग तुमच्या बाजूने होतो.

18. आज पोलीस आणि कोर्ट कमिशनर दारात आले आहेत. काय करू?

आदेशाची प्रत मागा आणि त्यातला फ्लॅट क्रमांक जुळतो का ते पाहा. कमिशनर बहुधा वकील असतो. त्याला तुमचा करार दाखवा आणि ‘मी इथे अमुक तारखेपासून राहतो’ हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. डीआरटीची स्थगिती असेल तर प्रत द्या. नसेल तर अंगावर जाऊ नका. सामान, औषधं, मुलांची पुस्तकं हलवायला वेळ मागा. तुमचं सामान गहाण नाही, ते बँकेचं होत नाही. आत राहिलंच तर त्याची यादी करून सहीची प्रत घ्या. आदेश नसताना नुसते वसुली एजंट कुलूप बदलायला आले असतील, तर 112.

19. घर त्याचं, कर्ज त्याचं, आमचं लग्न झालेलं नाही. बँक आली तर मला प्रश्न 4 मधला राहण्याचा हक्क सांगता येईल का?

तो हक्क जोडीदाराविरुद्ध आहे. आधीपासून गहाण घेतलेल्या बँकेलाही तो अडवेल असं धरून चालू नका. जोडीदाराकडून पर्यायी जागेचं भाडं मागणं हा जास्त भरवशाचा मार्ग आहे, आणि तो घर जाण्याआधीच मागावा.

दोघं सहकर्जदार असाल आणि वेगळे झाला असाल, तर बँकेला त्याच्याशी देणंघेणं नसतं. ती पूर्ण थकबाकी कुणाही एकाकडून वसूल करू शकते. ‘मी निघालो, हप्ते आता ती भरेल’ हे तोंडी ठरवून भागत नाही. बँकेच्या लेखी संमतीने कर्जातून नाव काढा, किंवा घर विकून कर्ज फेडा.

20. घर भाड्याने घेण्याआधी ते गहाण आहे का, हे कसं कळेल?

मालकाकडे खरेदीखताची मूळ प्रत मागा. ती बँकेत असेल तर कर्ज आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग हप्त्यांचं ताजं स्टेटमेंट आणि भाड्याने द्यायला बँकेची परवानगी मागा. सोसायटीच्या सचिवांना विचारा, कारण कर्ज देताना बँक बहुधा सोसायटीला पत्र देऊन बोजा नोंदवते. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, पाहता येते. थोडी फी भरून सेरसाईच्या (गहाणांची केंद्रीय नोंदणी) नोंदवहीत गहाणाची नोंद शोधता येते. डिपॉझिट दोन-तीन लाखांच्या वर जात असेल, तर ही फी वाचवू नका.

21. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

प्रत्येक जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा कार्यालय असतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही. हेल्पलाइन 15100. जाताना करार, नोटिशीचा फोटो, भाड्याच्या ट्रान्सफरची नोंद आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि मुदत कधी संपते ती तारीख अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.